उत्तरेकडच्या भिंतीतल्या सात वह्या

मी, मुअत्तर तुर्सुनोवा, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा रेशीम विणणे, राहणार मार्गिलान, आज पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. माग आणि अक्रोडाच्या लाकडाचे दोन्ही धोटे शेजारच्या रोबियाच्या सुनेला द्यावेत. तिचा हात हलका आहे, सासूचा नाही. माझी पुलावाची कढई रोबियाने लग्नाला म्हणून नेली आणि तडा पाडून परत केली. ती कढईही आता त्या सुनेलाच देते. रोबिया साक्षीदार म्हणून समोरच बसली आहे आणि म्हणते, "तडा आधीचाच होता गं." तेही नोंदवले.

२. घर माझ्या भावाचा मुलगा झोहिद याला मिळावे. त्याला ते पाडून विटांचे बांधायचे आहे. खुशाल पाडावे, पण पुढचे वाचून मगच.

३. माझी धाकटी बहीण ओयदिन हिने नवव्या वर्षी स्वतःची एक भाषा रचली. तिचे शब्द, तिची अक्षरे, पायांनी चालणाऱ्या तुतीच्या झाडांची त्याच भाषेतली एक लांबलचक गोष्ट, असे सगळे सात वह्यांत भरले. मी रेशमाचे कोश उकलत बसले की ती मला शब्द तोंडी शिकवायची, वह्या मात्र कुणाला दाखवत नसे. बाबा म्हणायचे, "घरात एकच शहाणं निपजलं, तेही कुणाला कळू नये असं बोलतं."

ते एकोणीसशे सदतीस साल होते. घरात जुन्या, अरबी लिपीतले पुस्तक सापडले तर सरकारी लोक माणूस उचलून नेत. आमच्यात लिहिलेला कागद जाळत नाहीत, पायाखालीही येऊ देत नाहीत, म्हणून जो तो पुस्तके भिंतीत पुरत होता. मी सोळा वर्षांची, नव्या अक्षरांत शिकलेली, जुनी वाचता न येणारी. रजयांच्या चळतीत वळणावळणांच्या अक्षरांच्या वह्या सापडल्या, त्या मला आजोबांच्या वाटल्या. त्याच दुपारी झडतीवाले आमच्या गल्लीत आले होते. मी चिखलात भुसा कालवला, वह्या उत्तरेकडच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवल्या आणि कोनाडा लिंपून टाकला.

संध्याकाळी ओयदिन वह्या शोधू लागली तेव्हा मला कळले, त्या तिच्या होत्या. मी म्हणाले, "कालव्यात टाकल्या." खरे सांगितले असते तर तिने नखांनी भिंत उकरली असती, आणि ती पोरीची खेळातली अक्षरे आहेत हे झडतीवाल्यांना कोण पटवणार होते? तेव्हा भीतीने खोटे बोलले. भीती गेल्यावर लाजेने गप्प राहिले, ती आजतागायत.

ती रडली नाही. त्या भाषेतला एक शब्दही पुन्हा बोलली नाही, काही लिहिलेही नाही. अंदिजानला गणिताची शिक्षिका झाली. लोक म्हणतात, पोरीचे चांगले झाले. मी म्हणत नाही.

४. माझ्या मृत्यूनंतर ती भिंत ओयदिनच्या समोर, यंत्र न लावता हातानेच फोडावी. वह्या तिच्या आहेत. त्यांची माती झालेली असेल, तर मला आठवणारे एक्केचाळीस शब्द सोबतच्या कागदावर आहेत. तेही तिचेच, परत करते.

साक्षीदार: हाशिमजोन अकरामोव, मोहल्ल्यातले वडीलधारे (सही)
साक्षीदार: रोबिया सोदिकोवा (सही, कढईबाबत असहमत)

मार्गिलान, १४ ऑक्टोबर १९९६.

ता.क. आज ऐकायला म्हणून ओयदिनलाही बोलावले होते. वाचून झाल्यावर ती उठून उत्तरेकडच्या भिंतीवर हात फिरवून आली. मग पेन घेऊन साक्षीदारांच्या खाली तिने एक ओळ लिहिली, वळणावळणांच्या अक्षरांत. हाशिमजोन म्हणाले, "जिला मिळणार तिची सही चालत नाही."

मी विचारले, "काय लिहिलंस?"

"कलम चार रद्द," ती म्हणाली. "आपा, एकोणसाठ वर्षं झाली. आता तू मरायची वाट कोण बघत बसणार? पहार कुठाय?"

कलम चार रद्द समजावे. पहार चुलीमागे आहे.

मुअत्तर तुर्सुनोवा (सही)