लाईट गेली की उतरणारा ओढा

आबा, आज तुमच्याशी पाण्याबद्दलच बोलायचं आहे. दुसऱ्या कशाबद्दल आपण फारसं कधी बोललोच नाही. तुम्ही कळंबला पाटकरी होता. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे तुमचं काम. त्यामुळे गाव तुमच्याकडे संशयानं बघायचं आणि तुम्ही गावाकडे. चुलीपुढे जेवायला बसलात तरी तुमचे कान चारीकडे, कालव्यातून शेतात येणाऱ्या त्या पाटाकडे. पाणी पोचायला उशीर झाला की घास हातातच राहायचा. "वर कुनीतरी फोडलंय," एवढंच म्हणायचात आणि सायकल काढायचात. आई तुमचं ताट झाकून ठेवते आहे आणि मी दारात उभी आहे, हे मला अजून दिसतं. तुमचा हा संशय माझ्याकडे जसाच्या तसा आला आहे, तुमच्या नाकासारखा.

एकदा तुम्ही चारचौघांत एका शेतकऱ्याला पाणीचोर म्हणालात. पुढे कळलं की चारीचं पाणी खेकड्यांच्या बिळांतून झिरपत होतं. बिळं तुम्ही स्वतः चिखलानं बुजवलीत, पण त्या माणसाशी चकार शब्द बोलला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "गप ऱ्हा. उद्या पुन्यांदा त्याच्याच बांधावनं जायचं हाय मला." मला तुमचा राग आला होता. अजूनही येतो.

हल्ली मी बारामतीत एका ओढ्याचा प्रवाह मोजते. वस्तीच्या मागून येऊन तो कऱ्हा नदीला मिळतो. कधीकाळी त्याचा तळ सिमेंटनं बांधून टाकला आणि कऱ्हेतले मासे वर चढायचे थांबले. आता ते सिमेंट फोडून दगड घालायचे, डोह करायचे, मासे पुन्हा येऊ द्यायचे, असा बेत आहे. अट एकच, उन्हाळ्यात ओढ्याला स्वतःचं पाणी हवं. ते नसेल तर वरून स्लॅब टाकून गाड्या लावायला जागा करणार. दोन्ही नकाशे तयार आहेत आणि निवड माझ्या मोजणीवर अडली आहे.

चार महिने मोजत आले; पाणी दर वेळी होतं, आणि दर वेळी जवळजवळ तेवढंच. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. मला मात्र ते खटकायला लागलं. ऊन वाढत चाललं, इंदापूरकडची शेतं करपली, आणि हा ओढा आपला तसाच. आधी वाटलं, कालवा गळत असेल. मग ठेकेदाराचा संशय आला, कारण दगड तोच पुरवणार होता. माझ्याबरोबर येणाऱ्या सहकाऱ्याचाही आला; हे त्याला सांगितलेलं नाही. काठावर एक चाची राहते, सकाळी भिगवणहून मासळी आणून दारात विकते; ओढ्यात उतरायची आमची वाट तिच्याच अंगणातून जाते. ती दर वेळी विचारायची, "ताई, पुरंल का ओ येवढं पानी?" हिला कशाला एवढी काळजी, म्हणून तिच्यावरही माझा डोळा होता.

परवा दुपारी मी प्रवाह मोजायचा मीटर धरून ओढ्यात उभी होते. शेजारची पिठाची गिरणी एकदम थांबली. लाईट गेली होती. थोड्या वेळात पोटरीपर्यंतचं पाणी घोट्याखाली आलं. लाईट गेली म्हणून ओढा उतरतो का कुठं, आबा? मी तशीच चिखल तुडवत वर गेले. चाचीच्या परसात कण्हेरीखालून काळा पाइप थेट ओढ्यात सोडलेला होता.

"चाची, हा पाइप कुणाचा?"

"आमचाच हाय की. हिरीवरची मोटर. वरच्या दोन घरांची बी हाय," ती मासे साफ करता करता म्हणाली. तिनं हातातला मासाही खाली ठेवला नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला पाणी सोडायला?"

"सांगाय कशाला पायजे? दार उघडं ठिवा म्हनून तुमचा मानूस आदल्या दिशी फोन करतो. पावनं यायचं म्हनल्यावर घरात पानी नको व्हय? वडा कोरडा दिसला आन् तुमी स्लॅब टाकला, तर मासं कुठनं चढायचं?"

मी चिडले. इतकी मोजणी वाया गेली होती. लाईट आली तरी मोटर लावू नका, असं बजावून मी तिच्याच पायरीवर बसले. ती पुन्हा मासे साफ करायला लागली. दिवस कलायच्या आत ओढ्याची धार तुटली. रस्त्याच्या मोरीखाली एक डबकं तेवढं राहिलं, आणि त्यात बोटाएवढे मासे एकमेकांवर चढून तोंड वर काढत होते. चार महिने दुसऱ्यांच्या विहिरींवर जगलेले मासे. चोर शोधायला निघाले होते आणि सापडली ती तीन घरं, स्वतःच्या हंड्यातलं पाणी ओढ्याला पाजणारी. मला लाज वाटली.

तेवढ्यात गिरणी सुरू झाली. चाची बटणापाशी जाऊन उभी राहिली.

"लावू का न्हाय, ताई? तुमी म्हनाल तसं."

मी म्हणाले, "लावा."

अहवालात मी ओढा कोरडा आहे असंच लिहिलं आहे. दुसरं काय लिहिणार? स्लॅब पडेल, आणि तो माझ्या आकड्यानं पडेल. चाचीला हे अजून सांगायचं आहे, आणि त्या परसात परत जायचं धैर्य मला होत नाही. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगून टाकते. त्या संध्याकाळी पाइपातून पाणी येईपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि ते डबक्यात शिरलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी मीटर पिशवीतून बाहेरच काढला नाही.