निशा सिस्टरची ड्यूटी

३ मार्च
गोजरबाई, तुझे गुडघे कसे आहेत? धोंडिबा दाजींचा खोकला बसला का? संघपालच्या लेकीला दात आले का? ही वही भरली की देवगाव रंगारीच्या एसटीत कंडक्टरजवळ देईन. सगळ्यांनी मिळून वाचा.

आजपासून तुझी बहीण दवाखान्यात मावशी! नात विशाखा तिसऱ्या मजल्यावर सिस्टर, आणि आजी त्याच मजल्यावर भांडी उचलायला. पोरी लई मायाळू. म्हणाल्या, भामा आजी आली, आता चहा तरी गरम मिळंल. नियम एकच कडक. पाळी संपली तरी पुढची सिस्टर येऊन चार्ज घेईपर्यंत, म्हणजे सगळे पेशंट आपल्या अंगावर घेईपर्यंत, जागचं हलायचं नाही.

५ मार्च
मी अंकलिपीवर स्वतःच गिरवलेलं अक्षर मॅनेजर नानासाहेबांना आवडलं. ड्यूटीचा तक्ता आता मीच लिहायचा. चाळीस खाटा, सिस्टर दोन. तिसरं नाव निशा. ही दिसत कशी नाही, विचारलं तर पोरी कामाला पळाल्या. शेवटी सोनिया सिस्टरनं सांगितलं. दिवाळीत निशानं सलग तीन पाळ्या ओढल्या, बदलीला कुणी आलंच नाही, कपडे बदलायच्या खोलीत पडली ती उठलीच नाही. तपासणीला माणसं पुरी दिसावीत म्हणून नाव तसंच.

मी साहेबांना म्हटलं, मेलेलीला तरी सुट्टी द्या. ते हसले. म्हणाले, आजी, सगळ्या स्टाफात तीच एक कुरकुर करत नाही.

७ मार्च
दुपारी दोनच्या चार्जला ती आली. भर उजेडात. पाय सुजून चपलेबाहेर आलेले. पहिल्या खाटेपासून एकेक पेशंटाचं हळू आवाजात सांगत गेली आणि विशाखासमोर येऊन थांबली. विशाखाला ती दिसली नाही. पोर दुसऱ्या पाळीत उभ्यानं झोपत होती.

बाई, तिचं नाव आपणच रोज लिहितो, म्हणून ती रोज येते. तिला बदली पाहिजे.

८ मार्च
साहेब म्हणाले, तपासणी उरकली, निशाच्या रकान्यात विशाखा टाका. आजच्या दोन पाळ्यांवर ही तिसरी! सकाळी सलाईन लावताना पोरीनं सुई स्वतःच्याच बोटात घातली होती. मी म्हटलं, मरंल हो ती. म्हणाले, मरू द्या, नोकरीला रांग लागलीय.

बरं म्हटलं. रकान्यात नानासाहेबांचं नाव लिहिलं. चांगलं ठळक. विशाखाला रिक्षात घालून खोलीवर धाडलं.

९ मार्च
साहेब कालपासून घरी गेले नाहीत. खाट एक ते चाळीस, परत एक. जिन्याशी जातात, पाय आपोआप मागं वळतात. निशा त्यांच्या मागं मागं. मला म्हणाले, आजी, पाया पडतो, नाव खोडा. मी म्हटलं, बदली आली की जा की, साहेब.

लई गोड वाटलं, गोजरे. लाज नाय वाटली.

११ मार्च
साहेबांचे डोळे मिटत नाहीत. बुटातून रक्त येतंय. दवाखान्याचे मालक डॉक्टर म्हणाले, असा माणूस दुसरा नाही — आणि हार घातला. सोनिया तोंडाला पदर लावून हसली. मी पण.

१२ मार्च
साहेब पडले. निशा पडली त्याच खोलीत. संपले.

पण चार्ज पुढं कुणी घेतलाच नाही. आता दोघं येतात — तक्त्यासमोर उभे — रिकाम्या रकान्याकडं बघतात, मग विशाखाच्या नावाकडं —

मालकांचं नाव लिहिलं.

१४ मार्च
मालक दोनच दिवस टिकले. आता तिघं.

रकाना रिकामा राहिला की विशाखाच्या खोलीबाहेर चपला घासत येतात. आज दाराची कडी वाजली. पोर आतून म्हणते, आजी, बदली आली का गं —

माझ्याकडची नावं संपली. तुमच्या तिकडं कुणी असंल, ज्यानं कुणाला राबवून मारलं — पुरं नाव लिही, आडनावासकट. गोजरे, वही आजच कंडक्टरजवळ देते, त्याच्याच हाती पत्र धाड, उद्या दोनच्या चार्जच्या आत —