ग्राफमधली खिंडारं

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठे इंजिनिअर लिहितात. आमच्या ईसीजी मशीनच्या ग्राफला मध्येमध्ये खिंडारं पडतायत. छातीच्या तारांचा डबा यूएसबीने मशीनमधल्या बोर्डला डेटाची पॅकेटं पाठवतो. त्यातली काही पॅकेटं बोर्डवरचा प्रोसेसर घेतच नाही. शिवराम सर म्हणाले, शनिवारी मोहन्याला डॉ. समीक्षांच्या दवाखान्यात दाखवायचंय. तिथल्या पेशंटना साध्या ईसीजीसाठी कल्याण गाठावं लागतं. म्हटलं, उद्याच देतो. उगाच म्हटलं. पण आवाज मस्त लागलेला.

४ फेब्रुवारी
केबल. शंभर टक्के केबल. नवी आणली.
संध्याकाळी: केबल नाही. तरी जुनी दिसायला वाईटच होती.

५ फेब्रुवारी
प्रोसेसरच भिकार. बनवणाऱ्यांना खरमरीत मेल टाकला.
शेजारच्या टेबलावरच्या हेमांगीने विचारलं, प्रत्येक पॅकेट आलं की स्क्रीनवर 'मिळालं' असं कशाला छापतोस? म्हटलं, अगं, मिळालं ते कळायला नको? म्हणाली, छापण्यात प्रोसेसर अडकतो, तोवर पुढचं पॅकेट निसटतं. ज्युनिअर आहे. शिकेल हळूहळू.

६ फेब्रुवारी
आता चोर रंगेहाथ पकडायचा. 'हरवलं' असंही छापायच्या ओळी घातल्या, तारीख-वेळेसकट. स्क्रीन भरून 'हरवलं' येतंय. जबरदस्त प्रगती! काल एवढी सापडत नव्हती. घरी दीप्तीला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे जास्त बिघडलं ना रे? बायको बँकेत आहे, तिला काय कळणार.

७ फेब्रुवारी
मेलला उत्तर आलं: तुमचा कोड पाठवा. माझा कोड! उत्तर देणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
मोहने. पेशंट म्हणून मीच झोपलेलो, सरांना धीर यावा म्हणून. ग्राफमध्ये एवढी खिंडारं, की डॉक्टर मॅडमनी मशीन सोडून माझी नाडी धरली. विचारलं, चक्कर येते का? विचारल्यावर यायला लागली. सर सोबत आलेल्या हेमांगीला म्हणाले, बघ गं काहीतरी. मी अडवणार होतो, पण छातीवर तारा, उठता येईना. तिने लॅपटॉप उघडून माझ्या सगळ्या छापायच्या ओळी काढून टाकल्या. ग्राफ सलग! मॅडम म्हणाल्या, हार्ट ठणठणीत आहे, फक्त घाबरलेत. हे सगळ्यांसमोर म्हणायची गरज नव्हती.
बाहेर बाकावर रखमाबाई नावाच्या आजी होत्या, त्यांचा ईसीजी तिथेच निघाला. कल्याणची खेप वाचली म्हणून त्यांनी हेमांगीची दृष्ट काढली. मॅडमनी मशीन ठेवून घेतलं. मलाही एकदम छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

१० फेब्रुवारी
सरांनी मशीनचं काम हेमांगीला दिलं. मला युजर मॅन्युअल लिहायला सांगितलंय. शांतपणे विचार केला. मी ओळी घातल्याच नसत्या, तर तिने काढल्या काय असत्या? अर्धं यश माझंच आहे. दीप्तीला नीट समजावून सांगितलं.
म्हणाली, हो रे बाबा. जेवून घे.