शुक्राची दिशा

ता. ४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ग्रहमाला एकदाची चिमीच्या शाळेत लागली. आठही ग्रह पितळेचे, माझ्याच लेथवर काढलेले. पृथ्वी बरोबर एक सेंटिमीटर धरली. त्या मापानं गुरू अकरा, शनी नऊ, वर त्याचं कडं. सूर्य माणसाच्या छातीला लागला असता, म्हणून भिंतीवर रंगवला. अंतरं मापात धरली असती तर नेपच्यून साडेतीन किलोमीटरवर न्यावा लागला असता, तेव्हा तो नाद सोडला. हँडल फिरवलं की सगळे सूर्याभोवतीही फिरतात आणि स्वतःभोवतीही.

एक गंमत झाली. तुझ्या लेकीनं, चिमीनं, वर्गात शिकवताना सांगितलं की शुक्र पृथ्वीच्या उलटा फिरतो, तिथं सूर्य पश्चिमेला उगवतो. मी मागच्या बाकावरून म्हटलं की बाईंनी पुस्तक उलटं धरलं असणार. पोरं हसून लोळली, मुख्याध्यापिकाही हसल्या. नवी आहे, शिकेल हळूहळू.

तुझा धाकटा

ता. १२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अकरा सेंटिमीटरचा गुरू वाचून बरं वाटलं. लहानपणी घड्याळ उघडून तीन स्क्रू उरवणारा तूच ना?

पण चिमी धड जेवत नाही. ती काही शिकवायला लागली की मागून कुणीतरी पुस्तक सुलट आहे ना, असं विचारतं. ग्रहांचा धडा दुसऱ्या बाईंकडे देऊ का, असं मुख्याध्यापिकांनी तिला विचारलं. नोकरीचं पहिलंच वर्ष. कायम करायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरणार. तुला ती एका शब्दानं बोल लावत नाही, मीच खोदून खोदून काढलं.

मला ग्रहांतलं काही कळत नाही. तू एवढंच कळव, शुक्र कुठल्या बाजूनं फिरतो?

तुझी ताई

ता. १७ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

उलटाच फिरतो.

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन पाहिलं. माझा सगळा भरवसा रद्दीतून आणलेल्या एका जुन्या पुस्तकावर. त्यातही साफ लिहिलंय की शुक्र दाट ढगांखाली झाकलेला आहे, तो स्वतःभोवती कसा फिरतो ते कळलेलं नाही. सगळ्यांसारखाच फिरत असणार, हे मी पदरचं घातलं.

दिशा उलटवायला मध्ये एक जादा गिअर पुरतो. तो मी कापूनही ठेवला. सुट्टीच्या दिवशी तेल द्यायच्या निमित्तानं जायचं, गुपचूप बसवायचं आणि हात झटकायचे, असा बेत होता. लिहिताना कान तापलेत. चौथीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही. शिकलेल्या बाईला चारचौघांत खोडलं याचा मला आनंद झाला, ताई. ती आपली चिमी आहे हे त्या वेळी मनातही आलं नाही.

धाकटा

ता. २१ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

गिअर ने. पण तासाला ने, पोरं बाकांवर असताना, आणि मुख्याध्यापिकांनाही बोलावून घे. ज्यांच्यासमोर हसलास त्यांच्यासमोरच सांग.

ताई

ता. २९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. वर्गासमोरच ग्रहमाला उघडली. एक स्क्रू दोनदा पडला. बाई म्हणाल्या तेच बरोबर, मी चुकलो आणि वर त्यांनाच हसलो, असं सांगितलं. पोरं माझ्याकडे टक लावून बघत राहिली. हसली असती तर परवडलं असतं.

मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं मला विचारलं की पृथ्वी एकीकडे आणि हा उलटा का. मला माहीत नाही, असं म्हटलं. एवढ्या वयात हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघाल्याचं आठवत नाही. सगळा वर्ग चिमीकडे वळला. तिनं सांगितलं की ते अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही. कुणी मोठी धडक बसली म्हणतं, कुणी त्याच्या जाड हवेचा ओढा म्हणतं. शुक्राची स्वतःभोवतीची एक फेरी त्याच्या वर्षाहून लांब असते, हेही तिनंच सांगितलं. मला तेही ठाऊक नव्हतं. धडा तिच्याकडेच राहील, असं मुख्याध्यापिका निघताना म्हणाल्या.

तास संपल्यावर दाराशी थांबलो. ती मुलींच्या घोळक्यात होती. माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा त्यांच्याकडे वळली. अर्ध्या तासानं निघालो. माझ्या वतीनं तिची समजूत घालू नकोस. तिला वाटेल तेव्हा बोलेल.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा धाकटा