आईच्या वरची जागा

प्रिय पप्पा,

सलाम. तुम्ही जाऊन आठ महिने झाले आणि इतके दिवस मी तुमच्याशी अबोला धरला होता. आज लिहायला बसले, कारण समोर एक अर्ज पडलाय. येत्या रविवारी उपासनेनंतर तो सही करून चर्चच्या सेक्रेटरींना द्यायचाय. माझी सही झाली की तुम्ही आईजवळ याल, आणि तुम्ही तिच्याजवळ ज्याला ठेवलंत तो बाहेर निघेल.

तुमच्या दफनाच्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. त्या दिवशी तुम्ही होतात, पण तुम्हाला ऐकू येत नव्हतं! आई गेली तेव्हा तुम्ही दुहेरी कबर घेतली होती. खोल खणलेली, खाली आई, वरची जागा तुमची. हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून सकाळीच मी जुन्या कबरस्तानात जाऊन उभी राहिले. राखणदार अंतोनप्पा कुदळ न घेताच आला.

"स्वल्प निल्ली, अक्का, जरा थांबा," तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत राहिला. "वरची जागा तुमच्या अण्णांनी देऊन टाकली ना? सहा वर्षं झाली. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं, पप्पा. घरी तुमची शवपेटी, दारात माणसं, आणि मी एका परक्या माणसाकडून ऐकतेय की माझ्या आईवर कुणीतरी दुसराच निजलाय.

सिलास. हेब्बाळच्या एका बांधकामावरचा झारखंडचा वॉचमन. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, प्रार्थना संपली की निघून जायचा. तो गेला तेव्हा इथं त्याचं कुणी नव्हतं. सभासद नाही म्हणून जागा नाही, असं कमिटीनं म्हटल्यावर तुम्ही उठून म्हणालात, "माझी आहे की!" हे सगळं मला सेक्रेटरींनी सांगितलं, तेही अगदी भारावून. तुमच्या मुलीला मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

त्यानंतरचे सहा ईस्टर आपण दोघं पहाटे तिथं जात होतो. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, "इथली माती नवी कशी दिसतेय?" तुम्ही म्हणालात, "खचली होती, भरून घेतली." कधी खोटं न बोलणारे तुम्ही! आणि मी वेडी, शेवंतीची फुलं मांडत बसायचे. कुणासाठी मांडत होते मी?

तसं नवीन काय होतं म्हणा. नाताळच्या करंज्यांचा डबा आमच्या हाती येईपर्यंत अर्धा रिकामा झालेला असायचा. माझा निळा स्वेटर, आईनं आजारपणात विणलेला, तुम्ही दूधवाल्याच्या मुलीला दिलात. ती कुडकुडत होती, मान्य आहे. पण मीही त्या डिसेंबरात कुडकुडले, आणि तो आईनं विणलेला शेवटचा स्वेटर होता. देणारे नेहमी तुम्ही आणि कमी पडायचं ते आम्हाला. लोक मला सांगत येतात, "काय देवमाणूस होते तुमचे पप्पा!" मी मान डोलावते.

तुम्हाला शेवटी देवनहळ्ळीच्या पलीकडे चर्चनं घेतलेल्या नव्या जमिनीत ठेवलं. एक झाड नाही. चहूकडे प्लॉटचे दगड रोवलेत, डोक्यावरून विमानं जातात. आपल्या चामराजपेटच्या घरून दोन बस बदलून यावं लागतं. मी दोनदाच आले.

मग मागच्या महिन्यात सेक्रेटरींनी हा अर्ज दिला. आता सिलासची नियमातली वर्षं भरली आहेत, कबर उघडता येते. त्याची हाडं भिंतीकडच्या सामाईक खड्ड्यात जातील आणि परवानगी काढून तुमची पेटी आईवर आणता येईल. "नियमात बसतं, सिस्टर. त्याचं विचारणारं कुणी नाही," ते म्हणाले. मी अर्ज पर्समध्ये ठेवला. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

गेल्या रविवारी आईकडे गेले तर एक बाई पदरानं तिचा दगड पुसत बसली होती. सिलासची बायको, फुलमनी; अंतोनप्पानं तिला जागा दाखवली होती. सहा वर्षांनी तिला यायला जमलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. आईच्या नावावर बोट ठेवून तिनं विचारलं, "दीदी, यही उनका नाम है?"

मी म्हटलं, "नहीं. मेरी माँ का है."

तिनं पटकन हात मागे घेतला. खाली आई, वर सिलास, हे मी तिला समजावलं. मग तिनं पिशवीतून गावाकडून आणलेल्या गोड पुऱ्यांची पुडी काढली. तीनच उरल्या होत्या, त्यातल्या दोन माझ्या हातावर ठेवल्या. "हम सोचते थे, परदेस में अकेले पड़े हैं," ती म्हणाली. "यहाँ तो माँ जी थीं."

मला तिचा राग यायला हवा होता. आला तो तुमचाच, पहिल्यापेक्षा जास्त. अर्ज पर्समध्ये होता आणि मला तिच्याकडे बघवेना.

तर ऐका. मी सही करणार नाही. तुम्ही जागा दिलीत तेव्हा मला विचारलं नाहीत, आणि आता तीच जागा मला पुन्हा द्यावी लागतेय. देताना आत काय तुटतं ते आज कळतंय. तुमचंही तुटलं होतं का, पप्पा? आईजवळ आता आपल्याला जाता येणार नाही, हे कळून तुम्ही कधी रडलात का? हे एकदा तरी माझ्याशी बोलायला हवं होतंत. मी नाही म्हटलं असतं, भांडले असते, कदाचित शेवटी हो म्हटलं असतं. ती संधीही तुम्ही ठेवली नाहीत.

शब्द देते. आईच्या नावाखाली सिलासचं नाव कोरून घेईन आणि फोटो काढून फुलमनीला पाठवीन. तुमच्याकडे महिन्यातून एकदा येईन, सावलीला एखादं झाड लावीन. माफी मात्र इतक्यात मागू नका. द्यायला माझ्याकडे ती अजून नाहीये.

तुमची,
लिली