घासलेलं चिनी भांडं

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज कागद घेऊन बसले आहे. तांबटाच्या पोरीला चौथीपर्यंत शाळेत धाडलंत म्हणून लिहिता तरी येतं. लिहायचं ते त्या चिनी भांड्याबद्दल.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी रनाळ्याहून माहेरी आले होते. मैत्रिणी झोक्यावर, आणि मी नंदुरबारच्या आपल्या दुकानात तुमच्या ऐरणीशेजारी, कारण सासरी सगळं होतं, पण ठोक्यांचा आवाज नव्हता. कापसाच्या जिनवाल्या शेठनं भांडं पाठवलं होतं. त्याचा धाकटा भाऊ कापसाच्या व्यापारासाठी चीनला गेला आणि तिकडंच वारला. त्याच्या सामानातून एवढंच घरी आलं. काशाचं, तीन पायांचं, पोटावर डोळे वटारलेलं कुठल्याशा जनावराचं तोंड. भोवती ढगांसारखी वेटोळी, आणि त्यांत सोन्याचांदीच्या तारा ठोकून बसवलेल्या. वर सगळीकडं हिरवट काळा थर. शेठ म्हणायचा, हजारो वर्षांचं आहे. एक पाय डुगडुगत होता, तेवढा बसवायचा होता. तुम्ही तो बसवलात, भांडं उलटंपालटं करून बराच वेळ पाहिलंत आणि काही न बोलता जेवायला गेलात. दोन शब्द बोलला असतात तर?

दुरुस्तीला आलेलं भांडं घासल्याशिवाय गिऱ्हाइकाला परत द्यायचं नाही, ही रीत तुमचीच. मी चिंच घेतली, राख घेतली, हिरवं निघेना तेव्हा तापीची वाळू घेतली. अजून दिसतं मला. मी पाय पसरून बसले आहे, घामाघूम, आखाजीचं गाणं गुणगुणते आहे, आणि खालून पिवळंधमक कासं वर येतंय. एका वेटोळ्यातून केसाएवढी तार उचलली गेली. कचरा समजून मी ती नखानं ओढली. ती लांबच लांब येत गेली. मग दुसरीही ओढली.

तुम्ही परत आलात आणि खाली बसलात. ओरडला नाहीत. "पोरी, हाई मळ नही व्हता. हाई काम व्हतं." मग सांगितलंत, भांडं जुनं नव्हतंच. तिकडच्या कुण्या कारागिरानं आपल्या पूर्वजांचा घाट समोर ठेवून ते अलीकडंच घडवलं होतं, आणि तो हिरवा थर कितीतरी महिने खपून त्यावर चढवला होता. हे शेठला सांगायचं नाही, असं तुम्ही पाहताक्षणीच ठरवलं होतंत. भावाची वस्तू त्याला हजार वर्षांचीच वाटू दे, म्हणालात.

शेठ स्वतः आला. भांडं हातात घेऊन त्यानं एवढंच विचारलं, "हाई कोनी करं?" मी दाराआड उभी. "मन्हा हाततून व्हयनं, शेठ," तुम्ही म्हणालात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्याशानं आपणहून मान पुढं केली. तारा परत बसवायला तुम्ही चार दिवस मागून घेतलेत. तार बसायची आणि पुन्हा उठायची. त्या कारागिराचा हात तुम्हाला गवसला नाही. शेठ भांडं तसंच घेऊन गेला. गावात मात्र बोलणारे कमी नव्हते. लोक भांडी धुळ्याला पाठवू लागले. पुढच्या आखाजीला आले तर भट्टी थंड, आणि तुम्ही ओट्यावर हात मांडीखाली घेऊन बसलेले. मला एकदाही बोलला नाहीत. त्याचा मला अजून राग येतो, दादा. चार शिव्या दिल्या असत्यात तर मी सुटले असते.

शेठकडं जाऊन खरं सांगायचं, असं मी दर आखाजीला ठरवायचे. सासरी कळेल या भीतीनं गेले नाही. मग तुम्ही गेलात, शेठही गेला. आता ज्याला सांगावं असं कुणी उरलं नाही, आणि हा कागदही चुलीतच जाणार.

परवा सुनेनं विचारलं, "आत्याबाई, तुमना बापनं दुकान काबर बंद पडनं?"

"म्हातारपनमा त्यासना हात चुकना," मी म्हणाले आणि तव्यावरची भाकरी उलटली. सांगताना मला काहीच वाटलं नाही.