चार वाजताचा कप

१२ एप्रिल
दुर्गेशने बबल रॅपचा गठ्ठा आणून टाकला. "आई, पंधरा दिवसांत बेसाच्या फ्लॅटवर जानं आहे. भराले लाग." पोरगा माझा, पण हुकूम कलेक्टरचा! बाकी काय ते त्याने भरावं. चिनी मातीचे कप मीच भरणार — यांनी शिकवलं तसे. हे नरखेडला संत्र्यांच्या पेट्या भरायचे. भरली की पेटी हलवून बघायचे. "आवाज आला म्हनजे भरनं चुकलं, प्रेमिला!"

१३ एप्रिल
सहा कप. प्रत्येकाच्या पोटात कागद, कान आतल्या बाजूला, खाली-वर भाताचं वाळलेलं तणीस. यांचा निळ्या काठाचा कप मधोमध. पेटी हलवली — गप्प. टेप लावली.

दुपारी चारला पेटीतून टिंग-टिंग.

चारचा चहा संपला की हे आणखी हवा म्हणून चमचा कपावर वाजवायचे. तोंडाने मागणार नाहीत! हे जाऊन अकरा महिने झाले.

१५ एप्रिल
रोज चारलाच. शेजारच्या रीनाला बोलावून ऐकवलं. "उंदीर असन काकू, काहून घाबरून राहिल्या?" उंदीर घड्याळ बघून येतो का?

१६ एप्रिल
पेटी उघडली. सगळं जागच्या जागी. चमचा तर मी ठेवलाच नव्हता! यांच्या कपात कापूस कोंबला, वरून बबल रॅपचे चार वेढे, मग टेप. माणसाचं तोंड दाबावं तसं केलं मी. नंतर खूप रडले.

१७ एप्रिल
चार वाजले. सव्वाचार. काही नाही. सुटले बाई!

२६ एप्रिल
बेसा. सामान आलं. एकही कप फुटला नाही. दुर्गेश म्हणाला, "मानलं तुले, आई!" चारला चहा केला. चव लागली नाही. सातव्या मजल्यावर वारा फार.

२८ एप्रिल
कापूस काढला. कप ओट्यावर ठेवला, शेजारी चमचाही ठेवला. पाच वाजेपर्यंत उभी होते. "वाजवा ना," म्हटलं. मोठ्याने म्हटलं! काही नाही.

३० एप्रिल
रीनाचा फोन. "काकू, तुमच्या रिकाम्या घरात कोनी राहाले आलं काय? रोज चार वाजता कप वाजवून राहिलं कोनी."

जुन्या घराची किल्ली मालकाला उद्या द्यायची आहे. दुर्गेशला सांगितलं नाही. थर्मासात चहा भरलाय. निघते.